शाळेचा बाक आणि रहिवासाचा दाखला

(मंडळाच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय फलकावर वाचून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. वर्षावासाच्या व्याख्यानमालेत धम्मावर बोलावे, बाबासाहेबांच्या कार्यावर बोलावे. अमेरिकेतल्या कॉलेजांच्या फीशी आपल्याला काय कर्तव्य? हा विषय निवडण्यामागे दोन कारणे आहेत. एक आताच सांगतो, दुसरे शेवटी सांगेन.

जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या टेक्सास राज्यात एक निकाल लागला. ज्या मुलांचे आईवडील वैध कागदपत्रांशिवाय त्या देशात राहतात, पण जी मुले टेक्सासच्या शाळांतच शिकून मोठी झाली, त्यांची कॉलेजातील फीची सवलत त्या निकालाने एका दिवसात गेली. ही बातमी वाचून आपल्या अभ्यासिकेतील एका मुलाने मला विचारले, "सर, तिथंच शिकलेली मुलं एका दिवसात परकी कशी काय झाली?" मी आयुष्यभर शाळेत शिकवले, पण या प्रश्नाला मला चटकन उत्तर देता आले नाही. मग मी त्या विषयाचे वाचन सुरू केले. आज जे बोलणार आहे ते त्या मुलाला द्यायचे राहिलेले उत्तर आहे असे समजा.

प्रथम फीचा प्रकार समजून घेऊ. अमेरिकेत शिक्षणाचा कारभार मुख्यत्वे राज्यांकडे आहे. प्रत्येक राज्याची स्वतःची सरकारी विद्यापीठे आहेत आणि त्यांना राज्याच्या तिजोरीतून अनुदान मिळते. म्हणून तेथे फीचे दोन दर असतात. राज्यातल्या मुलांना एक दर, बाहेरून आलेल्यांना दुसरा. ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठाचे उदाहरण घ्या. राज्यातील विद्यार्थ्याला वर्षाला साधारण ११ ते १२ हजार डॉलर फी पडते; बाहेरच्याला ४० हजार डॉलरहून अधिक. राहण्या-जेवण्याचा खर्च निराळा. म्हणजे साडेतीन-चारपट फरक. मजुरी करणाऱ्या, हॉटेलात भांडी घासणाऱ्या, छपरे घालणाऱ्या माणसाच्या मुलाला पहिला दर कसाबसा झेपतो. दुसरा दर म्हणजे कॉलेजचे दार बंद.

इथे एक गैरसमज दूर करतो. या मुलांना कोणी फुकट शिकवा म्हणत नव्हते. केंद्र सरकारची शैक्षणिक मदत त्यांना मिळतच नाही. मागणी एवढीच होती की, बारा वर्षे ज्या बाकावर शेजारी बसलो त्या शेजाऱ्याला जी फी लागते, तीच आम्हालाही लावा.

आता ही मुले कोण? कोणी दोन वर्षांचे असताना आईच्या कडेवर बसून सीमा ओलांडलेले, कोणी आईवडिलांचा व्हिसा संपल्यावर त्यांच्याबरोबर राहून गेलेले. बाराखडी शिकले ती तिथलीच. अनेकांना आपल्यापाशी कागद नाहीत हे कळते तेच सतराव्या-अठराव्या वर्षी, वाहन चालवण्याचा परवाना काढताना किंवा कॉलेजचा अर्ज भरताना.

या वादाचे मूळ टेक्सासमध्येच आहे. १९७५ साली त्या राज्याने कायदा केला की, कायदेशीर प्रवेश नसलेल्या मुलांच्या शाळेसाठी राज्य पैसा देणार नाही आणि स्थानिक शाळामंडळांना अशा मुलांना प्रवेश नाकारता येईल. पूर्व टेक्सासमधील टायलर नावाच्या गावाच्या शाळामंडळाने १९७७ साली अशा प्रत्येक मुलामागे वर्षाला १,००० डॉलर मागितले. तिथली मेक्सिकन मजुरांची काही कुटुंबे कोर्टात गेली. विचार करा, ज्यांच्यापाशी कागद नाही त्यांनी कोर्टाची पायरी चढायची म्हणजे स्वतःच स्वतःला पकडून देण्यासारखे. परतताना घरी जाता येईल की थेट सीमेपलीकडे, याची खात्री नव्हती. म्हणून सुनावणीच्या दिवशी पहाटे ते आपले सामानसुमान गाडीत भरूनच निघाले. मुलांच्या प्राथमिक शाळेसाठी आईबापांनी पत्करलेला हा धोका होता. आपल्या आज्या-पणज्यांनी काय काय पत्करले ते आठवले, म्हणजे हे आपल्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

तो खटला 'प्लायलर विरुद्ध डो' या नावाने सर्वोच्च न्यायालयात पोहोचला आणि १५ जून १९८२ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी निकाल मुलांच्या बाजूने लागला. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती विल्यम ब्रेनन यांनी लिहिला. त्यांच्या म्हणण्याचा सारांश असा. अमेरिकेच्या राज्यघटनेची चौदावी दुरुस्ती गुलामगिरी संपल्यानंतर, १८६८ साली झाली. तिने कायद्याचे समान संरक्षण दिले ते केवळ नागरिकाला नव्हे, राज्याच्या हद्दीतील प्रत्येक व्यक्तीला. दुसरे, आईबापांनी कायदा मोडला असेल, पण मुलाने काही ठरवून केलेले नाही. बापाच्या कृत्याची शिक्षा मुलाला देणे न्यायाला धरून नाही. आणि तिसरे, शिक्षण नाकारून आपण स्वतःच्या हद्दीत एक कायमचा खालचा थर तयार करू, ज्याने स्वस्तात राबावे पण कशावरही हक्क सांगू नये. हा तिसरा मुद्दा मांडताना ब्रेनन यांनी इंग्रजीत जो शब्द वापरला, तो होता 'कास्ट'. जात! अमेरिकेच्या न्यायमूर्तींना त्या अन्यायासाठी नेमका हाच शब्द सुचला. पिढीजात खालचेपण म्हणजे काय हे सांगायला जगाजवळ याहून नेमका शब्द नाही, आणि तो कुठून आला हे आपल्याला सांगायला नको.

विरोधी मत देणाऱ्या चार न्यायमूर्तींविषयीही न्यायाने बोलले पाहिजे. मुलांना निरक्षर ठेवणे शहाणपणाचे आहे असे तेही म्हणाले नाहीत. त्यांचे म्हणणे असे की, हे ठरवणे कायदेमंडळाचे काम आहे, न्यायालयाचे नव्हे.

तर १९८२ पासून बारावीपर्यंतचा प्रश्न मिटला. पण निकाल होता शाळांपुरता. कॉलेजबद्दल त्यात काही नव्हते. म्हणजे राज्याने मुलाला पहिलीपासून बारावीपर्यंत सरकारी खर्चाने शिकवायचे, गणितात पहिला आला म्हणून टाळ्या वाजवायच्या, आणि बारावीचा निकाल हाती देताना म्हणायचे, बाळ, आता तू बाहेरचा.

१९९६ साली केंद्राने दोन कायदे केले आणि गुंता वाढला. पहिल्याने सांगितले की, वैध कागद नसलेल्यांना राज्याच्या सवलती द्यायच्या असतील, तर राज्याने यापुढे तसा स्पष्ट कायदा केला पाहिजे. दुसऱ्याने सांगितले की, केवळ राज्यात राहतो या आधारावर अशा विद्यार्थ्याला उच्च शिक्षणाची सवलत देता येणार नाही. देशातल्या कोणत्याही नागरिकाला, तो कुठेही राहत असला तरी, तीच सवलत मिळत असेल तरच देता येईल.

यातून वाट काढली पुन्हा टेक्सासनेच. २००१ साली टेक्सासच्या विधिमंडळाने मोजक्या मतांच्या विरोधानिशी कायदा संमत केला आणि रिपब्लिकन पक्षाचे गव्हर्नर रिक पेरी यांनी त्यावर सही केली. अटी सरळ होत्या. विद्यार्थी तीन वर्षे टेक्सासमध्ये राहिलेला असावा, तिथल्याच हायस्कुलातून उत्तीर्ण झालेला असावा, आणि कायम वास्तव्याचा अर्ज करण्याची संधी मिळताच तो करीन असे प्रतिज्ञापत्र त्याने द्यावे. त्याच वर्षी कॅलिफोर्नियानेही कायदा केला. तिथे कसोटी ठेवली ती हायस्कुलातील तीन वर्षांच्या शिक्षणाची आणि तिथून उत्तीर्ण होण्याची. पुढे एकेक करीत सुमारे दोन डझन राज्यांनी असे मार्ग काढले.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचे मर्म इथे आहे. 'तू कोणाचा कोण, कागद दाखव' या प्रश्नाच्या जागी या राज्यांनी दुसरा प्रश्न ठेवला: 'तू कुठल्या शाळेत शिकलास?' रहिवासाच्या दाखल्याची जागा शाळेच्या बाकाने घेतली. कॅलिफोर्नियाचा कायदा तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली एकमताने वैध ठरवला, तो याच आधारावर. न्यायालयाने म्हटले की, ही सवलत रहिवासावर नव्हे, शाळेवर आधारलेली आहे. कॅलिफोर्नियात शिकून नंतर दुसऱ्या राज्यात गेलेल्या नागरिकालाही ती मिळते. आणि खरोखर, तिचा लाभ घेणाऱ्यांत नागरिक विद्यार्थीही पुष्कळ होते.

आता विरोधकांचे म्हणणे. वादात समोरच्याची बाजू तो मांडेल तितक्याच जोरकसपणे मांडता आली पाहिजे. नाहीतर तो वाद नव्हे, गोंगाट.

त्यांचा पहिला मुद्दा: जे नियम पाळून, वर्षानुवर्षे रांगेत उभे राहून आले त्यांच्यावर हा अन्याय आहे, नियम मोडणाऱ्याला बक्षीस दिले तर आणखी लोक नियम मोडतील. दुसरा: शेजारच्या ओक्लाहोमातील अमेरिकन नागरिकाने टेक्सासमध्ये चौपट फी भरायची आणि ज्याचे वास्तव्यच बेकायदा त्याने कमी भरायची, हे उलटे झाले. तिसरा: अनुदानाचा पैसा करदात्यांचा आहे. चौथा: पदवी घेऊनही या मुलांना कायद्याने नोकरी करता येत नाही, मग खर्च कशासाठी?

हे मुद्दे हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. कोणाला आत घ्यायचे हे ठरवण्याचा हक्क प्रत्येक देशाला आहे, हे मलाही मान्य आहे. पण एकेक मुद्दा तपासून पाहू.

बक्षीस म्हणाल, तर ते कोणाला? गुन्हा म्हणा, चूक म्हणा, ती बापाची. कडेवरच्या मुलाने रांग मोडली असे कसे म्हणता येईल? शिवाय कोणी कुटुंब वाळवंट तुडवून येते ते कामासाठी. पंधरा वर्षांनी मुलाला कॉलेजची फी कमी लागेल या हिशेबाने कोणी येत नाही.

ओक्लाहोमाच्या मुलाचा मुद्दा सर्वांत पेचाचा वाटतो. पण त्या मुलाची फी टेक्सासच्या मुलामुळे वाढलेली नाही. या मुलाची सवलत काढून घेतली तर त्याची फी एका डॉलरनेही उतरत नाही. तो टेक्सासच्या हायस्कुलात तीन वर्षे शिकला असता तर त्यालाही तोच दर होता. आणि त्याच्या स्वतःच्या राज्यात त्याच्यासाठी कमी फीचे विद्यापीठ आहे. टेक्सासमध्ये वाढलेल्या बिनकागदी मुलासाठी असे दुसरे राज्य कुठे आहे?

करदात्याचा मुद्दा घ्या. टेक्सासमध्ये वैयक्तिक उत्पन्नावर राज्याचा करच नाही. राज्य चालते ते मुख्यतः विक्रीकरावर आणि शाळा चालतात त्या बऱ्याच अंशी घरपट्टीवर. दुकानातून साबण घेताना विक्रीकर लागतो, तो घेताना कोणी कागद विचारत नाही. घरमालक घरपट्टी भाड्यातूनच वसूल करतो. म्हणजे या मुलांचे आईबाप करदातेच आहेत. कररचनेचा अभ्यास करणाऱ्या तिथल्या एका संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात देशभरातील अशा स्थलांतरितांनी केंद्र, राज्य आणि स्थानिक कर मिळून सुमारे ९,६७० कोटी डॉलर भरले. पैसा घेताना 'आपला' आणि बाकावर बसवताना 'परका', हा हिशेब आपल्याला ओळखीचा आहे. गावाला आपले श्रम चालत होते, आपला स्पर्श चालत नव्हता.

नोकरीच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. कमी फी हा अर्धाच उपाय आहे. उरलेला अर्धा केंद्राच्या हाती आहे. या मुलांना कायम वास्तव्याचा मार्ग देणारे 'ड्रीम ॲक्ट' नावाचे विधेयक २००१ मध्ये प्रथम मांडले गेले. डिसेंबर २०१० मध्ये ते कनिष्ठ सभागृहात संमत झाले. सिनेटमध्ये मात्र ५५ विरुद्ध ४१ अशी बाजूने बहुसंख्य मते पडूनही अडले, कारण चर्चा संपवून पुढे जाण्यास ६० मते लागतात. २०१२ साली अध्यक्ष ओबामांनी 'डाका' नावाची योजना आणली. तिने लाखो तरुणांना हद्दपारीपासून तात्पुरती सूट आणि कामाचा परवाना दिला. पण ती सरकारी आदेशावर उभी होती, कायद्यावर नव्हे, त्यामुळे तेव्हापासून कोर्टांच्या फेऱ्यांत सापडली. अर्धा उपाय अपुरा आहे म्हणून तोही काढून घ्या, असे म्हणणे मात्र तर्काला धरून नाही.

लोकमताचे काय? लोक नेहमीच विरोधात असतात असे नाही. मेरीलँड राज्यात २०१२ साली हा प्रश्न थेट मतदारांपुढे गेला आणि सुमारे ५९ टक्क्यांनी होकार दिला. ॲरिझोनात २००६ साली मतदारांनी मोठ्या बहुमताने ही सवलत बंद केली होती; त्याच ॲरिझोनाने २०२२ साली निसटत्या बहुमताने ती पुन्हा सुरू केली. सोळा वर्षांत माणसांचे मत पालटले. ते आपोआप पालटले नाही. हीच मुले उभी राहिली, आपल्या शहरात आपली कहाणी सांगत फिरली, तेव्हा पालटले.

पण गाडी उलटही फिरते. फ्लोरिडाने २०१४ साली दिलेली सवलत २०२५ मध्ये काढून घेतली. आणि टेक्सासमध्ये जे झाले त्याची तऱ्हा पाहण्यासारखी आहे. २००१ चा कायदा रद्द करण्याचे प्रयत्न २०२५ च्या अधिवेशनातही झाले, पण विधिमंडळाने तो रद्द केला नाही. अधिवेशन २ जूनला संपले. ४ जूनला केंद्र सरकारने टेक्सासवर दावा लावला की, हा कायदा १९९६ च्या केंद्रीय कायद्याशी विसंगत आहे. ज्या राज्याच्या वकिलाने आपल्या कायद्याचा बचाव करायचा, त्या महाधिवक्त्यांनी त्याच दिवशी मान्य केले, आणि त्याच दिवशी न्यायाधीशांनी कायद्याला कायमची मनाई केली. वादी आणि प्रतिवादी एकमत, मग निकालाला वेळ तो काय लागणार? ज्यांच्या फीचा प्रश्न होता ती मुले त्या खटल्यात पक्षकार नव्हती. आमचेही ऐका, असा अर्ज काही विद्यार्थ्यांनी केला तो निकालानंतर. त्या वर्षी केंद्राने केंटकी, मिनेसोटा, ओक्लाहोमा, इलिनॉय आणि कॅलिफोर्निया या राज्यांवरही असेच दावे लावले.

अभ्यासिकेतल्या मुलाला माझे उत्तर असे: ती मुले एका दिवसात परकी झाली, कारण त्या दिवशी त्यांच्या वतीने बोलणारे कोणी खोलीत नव्हते. ज्याच्याविषयी निर्णय होतो तो निर्णयाच्या जागी नसला की असेच होते. गोलमेज परिषदेत जाऊन बसण्यासाठी बाबासाहेबांचा आग्रह का होता, हे यावरून कळावे.

आता कोणी म्हणेल, हे सगळे मेक्सिकन लोकांचे. तसेही नाही. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या लष्करी विमानाने १०४ भारतीयांना अमृतसरला आणून सोडले, हे आपण दूरचित्रवाणीवर पाहिले. बहुतेक पंजाब, हरियाणा, गुजरातचे होते. पण तीन आपल्या महाराष्ट्रातलेही होते. त्यांत लहान मुलेही होती. दुसरीकडे, कायदेशीर कागदांवर गेलेल्या आपल्या संगणक अभियंत्यांच्या मुलांचीही वेगळीच कुचंबणा आहे. आईवडील एच-वन-बी व्हिसावर, कायम वास्तव्यासाठी अर्ज केलेला. पण दर देशाला ठरावीक वाटा असल्याने भारतीयांची रांग कित्येक वर्षांची. मूल एकवीस वर्षांचे झाले की आईवडिलांच्या अर्जातून बाहेर पडते. चौथ्या वर्षापासून तिथे वाढलेल्या मुलीला मग परदेशी विद्यार्थिनी म्हणून नवा व्हिसा काढावा लागतो. 'डाका' तिला लागू नाही, कारण तिच्यापाशी कागद होते! म्हणजे कागद नसला तरी अडचण, असला तरी अडचण.

मित्रांनो, कागदावरच्या एका शब्दाने शिक्षण कसे अडते, हे आपल्या समाजाला अमेरिकेकडून शिकायला नको. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आपल्या वडीलधाऱ्यांनी धम्मदीक्षा घेतली. वस्ती तीच राहिली, दारिद्र्य तेच राहिले, गावाची नजर तीच राहिली. पण कागदावर 'बौद्ध' असा शब्द आला आणि केंद्र सरकारच्या अनुसूचित जातीच्या सवलती गेल्या, कारण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात बौद्धांचा समावेश नव्हता. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर राज्याने १९६० मध्ये आपल्या अखत्यारीतील सवलती नवबौद्धांना दिल्या. केंद्राने त्या दिल्या १९९० साली. म्हणजे तीस वर्षे एकच मूल राज्याच्या दारात आपले आणि केंद्राच्या दारात परके. इथे बसलेल्या ज्येष्ठांपैकी कितीजणांनी त्या वर्षांत अर्ज भरताना धर्माच्या रकान्यापुढे पेन थबकवले असेल! काहींनी खोटे लिहिले असेल, काहींनी खरे लिहून संधी सोडली असेल. दोघांनाही दोष देण्याची माझी हिंमत नाही.

आणखी एक गोष्ट. बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले ते महाराज सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. पण बाबासाहेब बडोदे संस्थानचे रहिवासी होते का? जन्म महूचा, मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे, शिक्षण साताऱ्याला आणि मुंबईला. बडोद्याच्या दरबाराने त्या दिवशी रहिवासाचा दाखला मागितला असता, तर? महाराजांनी पाहिले ते विद्यार्थ्याची पात्रता. अट घातली ती पुढची: शिकून आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी. मागचे कूळ न विचारता पुढचे वचन मागितले. टेक्सासच्या प्रतिज्ञापत्राची जातकुळी हीच.

धम्माच्या दृष्टीने पाहिले तरी गोष्ट साधी आहे. तथागतांनी कर्माचे मूळ चेतनेत, म्हणजे हेतूत दाखवले. दोन वर्षांच्या मुलाच्या ठायी सीमा ओलांडण्याची चेतना नाही. मग त्याचे फळ त्याच्या माथी का? मागच्या जन्मीच्या पापाने माणूस दरिद्री जन्मतो ही समजूत बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात खोडून काढली, कारण ती शिकवण अन्याय करणाऱ्याला मोकळे सोडते. मागच्या जन्माचे पाप आणि आईबापाचा गुन्हा, दोन्ही ठिकाणी ज्याने काही केले नाही त्याच्याकडूनच वसुली होते. आपल्या राज्यघटनेतही कायद्यापुढील समानतेचे कलम १४ केवळ नागरिकासाठी नाही, प्रत्येक व्यक्तीसाठी आहे, हे विद्यार्थ्यांनी मुद्दाम उघडून पाहावे.

आता दुसरे कारण. ते सांगायला थोडे जड जाते.

मी आपल्या मंडळाच्या शिष्यवृत्ती समितीवर आहे. दोन वर्षांपूर्वी समितीकडे एका मुलीचा अर्ज आला. कुटुंब कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातले, आपल्याच समाजाचे, बांधकामावर कामाला आलेले. मुलगी पहिलीपासून दहावीपर्यंत आपल्या शहरातील महापालिकेच्या शाळेत शिकलेली. मराठीत तिला ८४ गुण होते. आपल्या नियमाप्रमाणे अर्जासोबत महाराष्ट्राचा रहिवासी दाखला आणि महाराष्ट्राचा जातीचा दाखला हवा. रहिवासी दाखल्यासाठी पंधरा वर्षांच्या वास्तव्याचे पुरावे लागतात. ज्याचा पत्ता इमारतीगणिक बदलतो त्याने ते आणायचे कुठून? जातीचा दाखला होता, तो कर्नाटकचा. मी अर्जावर 'कागदपत्रे अपूर्ण' असा शेरा मारला आणि तो बाजूला ठेवला. रक्कम होती ८,००० रुपये. नियमाने मी चुकलो नाही. टेक्सासचे वाचन करताना तो शेरा मला आठवला. मी चौकशीला गेलो तेव्हा इमारत पूर्ण झाली होती, खिडक्यांना पडदे लागले होते, आणि कामगारांच्या झोपड्यांच्या जागी वाहनतळ झाला होता.

दुसऱ्या राज्यातून आलेल्याला मूळ राज्याच्या जातीच्या दाखल्यावर इथले आरक्षण मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली ठरवले आहे. सरकारला ते बंधनकारक आहे. पण आपले मंडळ म्हणजे सरकार नव्हे. आपला निधी आपण महिन्याच्या पगारातून, निवृत्तिवेतनातून, धम्मदानातून उभा केलेला आहे. त्याचा नियम आपण केला आणि आपणच बदलू शकतो.

म्हणून येत्या सर्वसाधारण सभेपुढे मी लेखी सूचना ठेवणार आहे. रहिवासी दाखल्याची अट काढावी. त्याऐवजी, आपल्या शहरातील कोणत्याही शाळेत किमान तीन वर्षे शिकून दहावी किंवा बारावी उत्तीर्ण झाल्याचा दाखला आणि मुख्याध्यापकांचे पत्र एवढे पुरे मानावे. दाखला अन्य राज्याचा असला तरी चालावा. कोणी म्हणतील, निधी थोडा, आपलीच मुले पुष्कळ. ही अडचण खरी आहे. निधी थोडा असेल तर रक्कम थोडी करू, गुण पाहू, गरज पाहू. पण आपल्या बाकावर शिकलेल्या मुलीला बाहेरची म्हणणार नाही, एवढे तरी ठरवू. सूचनेवर मतभेद झाले तर मी ते ऐकून घेईन. फक्त निर्णय घेताना अशा एखाद्या कुटुंबाला सभेला बोलावू या. टेक्सासची चूक आपण करायला नको.

शेवटी विद्यार्थ्यांना दोन शब्द. कागदाला मी नावे ठेवली, म्हणून तुम्ही कागदाची हेळसांड करू नका. शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, जातवैधता, उत्पन्नाचा दाखला ही कामे प्रवेशाच्या आठवड्यावर ढकलू नका. बारावीच्या आधीच करून ठेवा. वस्तीत ज्यांच्या आईवडिलांना अर्ज भरता येत नाहीत, त्यांचे अर्ज तुम्ही भरून द्या. आणि उद्या तुमच्यापैकी कोणी तहसील कचेरीत, विद्यापीठात किंवा एखाद्या समितीत खिडकीच्या आतल्या बाजूला बसेल. तेव्हा समोर अपुऱ्या कागदांचा अर्ज आला, तर शेरा मारण्याआधी मान वर करून अर्जदाराकडे एकदा पाहा. मी पाहिले नव्हते.